राखून ठेवलेली माणसे

१

फुटबॉलच्या पाठीराख्यांमधला एक वाद कधी संपत नाही. हंगाम सरत आलेला असतो, आपला संघ तळाशी रेंगाळत असतो, आणि चर्चा सुरू होते : कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे? अमुक खेळाडू गुणी आहे, पण वर्षातले सहा महिने तो जायबंदी; त्याच्यावर पैसा कशाला घालवायचा? तमुक तरुण आहे, पण एखादा मोठा क्लब त्याला उचलून नेईल; त्याला थोपवायचे कसे? या बोलण्यात जिव्हाळा असतो, त्रागा असतो, आणि एक प्रकारचा मालकी हक्कही असतो. बोलणाऱ्याच्या नावावर क्लबचा एकही समभाग नसतो. तरीही 'ठेवणे' आणि 'सोडणे' ही क्रियापदे तो सहज वापरतो, जणू घरातल्या भांड्याकुंड्यांचाच हिशेब चालला आहे.

या दोन क्रियापदांना इतिहास आहे. इंग्लंडमध्ये जवळजवळ सत्तर वर्षे ती केवळ बोलण्यातली नव्हती. ती नियमावलीत होती, आणि त्यांच्यावर माणसांचे पोट अवलंबून होते. प्रस्तुत लेखात हा इतिहास मुख्यतः एका क्लबच्या आधाराने पाहायचा आहे. यॉर्कशरमधल्या शेफील्ड या पोलादाच्या शहरातला शेफील्ड वेन्सडे हा तो क्लब. १८६७ मध्ये एका क्रिकेट क्लबच्या सभासदांनी तो काढला. ते बुधवारी सुट्टी घेऊन खेळत, म्हणून हे नाव. हिल्सबरो हे त्याचे मैदान १९८९ च्या दुर्घटनेमुळे जगाला ठाऊक झाले. परंतु येथे आपल्याला त्याच्या दुसऱ्या एका दुःखाकडे पाहायचे आहे.

२

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळण्याला १८८५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. आरंभीची काही वर्षे खेळाडूचा करार हंगामापुरता असे आणि हंगाम संपला की तो मोकळा होई. दुसऱ्या गावचा क्लब चार पैसे जास्त देत असेल तर तो तिकडे जाई. ही मोकळीक क्लबांना परवडेना. १८९३ पासून नवा नियम आला. एकदा एखाद्या क्लबमध्ये नाव नोंदवले की करार संपल्यावरही खेळाडूची नोंदणी त्या क्लबकडेच राहू लागली. दर उन्हाळ्यात क्लब यादी प्रसिद्ध करी. काही जण 'राखून ठेवलेले', काही 'विक्रीस काढलेले' आणि काही 'मोकळे सोडलेले'. राखून ठेवलेल्याला लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळता येत नसे. त्याने नवा करार नाकारला तर त्याला पगार मिळत नसे, पण सुटकाही मिळत नसे.

मराठी वाचकाला येथे सालगड्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पाडव्याला साल ठरते, पुढच्या पाडव्याला संपते. पण अंगावर उचल असेल तर संपलेले सालही संपत नाही. फरक एवढाच, की सालगड्याला बांधून ठेवायला निदान उचलीचे निमित्त लागे. फुटबॉलपटूला बांधायला त्याची पहिली सहीच पुरेशी होती. त्यात १९०१ मध्ये कमाल वेतनाची भर पडली. आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त कोणालाही द्यायचे नाही, असा नियम झाला. कारागिराच्या मानाने ही रक्कम वाईट नव्हती. पण खेळाडूचे कसब कितीही वाढले तरी तिला छत होते आणि ते छत मालकांनी आपसांत ठरवलेले होते.

१९०७ मध्ये मँचेस्टरात खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या पाठबळाने हॅरी किंगबी नावाचा खेळाडू १९१२ मध्ये ॲस्टन व्हिला या क्लबविरुद्ध न्यायालयात गेला. आपल्यावर अवाच्या सवा किंमत लावून क्लबने आपली रोजी अडवली, अशी त्याची तक्रार होती. तो हरला. क्लब नियमानेच वागला, असे ठरले. नियम न्याय्य आहे का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. या पराभवाने संघटनेचे कंबरडे मोडले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला नाही.

३

याच काळात कायद्याने खेळाडूविषयी आणखी एक निर्णय दिला होता. १९०६ च्या कायद्यानुसार कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकाकडून भरपाई मिळू शकत असे. क्रिस्टल पॅलेस क्लबचा वॉकर नावाचा खेळाडू सामन्यात जखमी झाला आणि त्याने या कायद्याखाली दावा लावला. फुटबॉल हा खेळ आहे, काम नव्हे, हा बचाव अपील न्यायालयाने १९०९ मध्ये फेटाळला. क्लब सांगेल तेव्हा सराव करायचा, क्लब सांगेल तेथे खेळायचे, त्याबद्दल वेतन घ्यायचे. असा मनुष्य कामगारच होय, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्या काळच्या खेळाडूची स्थिती लक्षात येते. जखमी होताना तो कामगार होता. काम सोडू पाहताना मात्र तो कामगार नव्हता. गिरणीतला विणकर किंवा भट्टीवरचा पोलादकामगार महिनाअखेरीस दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकत होता. फुटबॉलपटू जाऊ शकत नव्हता.

शिवाय मैदानावरचे नियमही शरीराला दयामाया दाखवणारे नव्हते. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू उतरवण्याची मुभा १९६५ पर्यंत नव्हती. ज्याचा पाय मुरगळला त्याला कडेला उभे करायचे आणि त्याने लंगडत का होईना प्रतिस्पर्ध्याला अडवावे, अशी रीत होती. १९५६ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेले असताना शेवटपर्यंत खेळला. त्याची शौर्यगाथा म्हणून आठवण काढली जाते आणि ती योग्यच आहे. पण त्याला बाहेर घेऊन दुसरा गोलरक्षक उतरवण्याची सोयच नव्हती, हे त्या गाथेत फारसे येत नाही.

४

डेरेक डूली हा शेफील्डचाच मुलगा. उंच, दणकट, लाल केसांचा. त्याच्या पायांत नजाकत नव्हती असे जाणकार म्हणत. पण चेंडू जाळ्यात घालण्याची त्याची भूक विलक्षण होती. १९५१–५२ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतल्या अवघ्या ३० सामन्यांत त्याने ४६ गोल केले आणि वेन्सडे पहिल्या श्रेणीत परतली. एकूण पाहिले तर पहिल्या संघासाठी ६३ सामने आणि ६३ गोल, असा त्याचा हिशेब आहे.

१४ फेब्रुवारी १९५३ रोजी प्रेस्टनच्या मैदानावर चेंडूमागे धावताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि उजव्या पायाचे हाड मोडले. दुखापत मोठी होती, पण असाधारण नव्हती. हाड जुळेल, काही महिन्यांनी तो परत येईल, असेच सर्वांनी धरले होते. सोमवारी त्याला रुग्णालयातून घरी सोडायचे होते. निघण्यापूर्वी एका परिचारिकेने त्याच्या बोटांना हात लावला, तेव्हा ती बधिर असल्याचे आढळले. पायावरच्या एका लहानशा ओरखड्यातून जंतू आत शिरले होते आणि गँग्रीन पसरत होते. जीव वाचवण्यासाठी पाय कापावा लागला. डूली तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

यानंतर काय झाले ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. शहरात वर्गणी निघाली, मदतीसाठी सामना झाला, लोकांनी सढळ हाताने दिले. डूलीला एका बेकरी कंपनीच्या कचेरीत काम मिळाले. म्हणजे त्याची सोय लागली ती शहराच्या मायेतून. त्याच्या करारातून नव्हे. करार फक्त धडधाकट पाय राखून ठेवण्याचा होता. पाय गेला तेव्हा राखण्यासारखे काही उरले नाही. यात कोणी व्यक्तिशः दुष्टपणा केला असे दिसत नाही. किंबहुना क्लबनेच पुढे, १९६२ मध्ये, निधी जमवण्याच्या कामासाठी त्याला परत बोलावले. दुष्ट माणसांशिवायही व्यवस्था कठोर असू शकते, एवढेच यातून दिसते.

५

त्या प्रेक्षकांविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. हिल्सबरोच्या पायऱ्यांवर उभे राहणारे लोक पोलादाच्या भट्ट्यांत आणि सुऱ्याकात्र्यांच्या कारखान्यांत काम करणारे होते. शेफील्डच्या धार लावणाऱ्या कामगारांची फुप्फुसे दगडाच्या आणि लोखंडाच्या भुकटीने कशी निकामी होत, याचे वर्णन फ्रीडरिश एंगल्सने १८४५ मध्येच करून ठेवले आहे. कामावर शरीर झिजते आणि झिजलेल्या शरीराला किंमत नसते, हे या प्रेक्षकांना कोणी शिकवायला नको होते. तरीही शनिवारी दुपारी तेच लोक मैदानावरच्या माणसाविषयी मुकादमाच्या भाषेत बोलत. याला काढा, त्याला विका, हा नुसता पडून असतो. शनिवारी संध्याकाळी निघणारी, हिरव्या कागदावर छापलेली 'ग्रीन अन' ही खेळपत्रिका शेफील्डच्या घराघरांत वाचली जाई, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर राखलेल्यांची यादी जाहीर झाली की तिच्यावर घरोघरी खल होई.

या विसंगतीची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु पाठीराख्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९५० च्या दशकात वेन्सडे तीनदा खालच्या श्रेणीत घसरली (१९५१, १९५५ आणि १९५८) आणि दर वेळी एका वर्षात वर आली. अशा क्लबच्या चाहत्याला एकच धास्ती असते : वर यायला ज्याने मदत केली तो आता राहील का? आणि तो कधी कधी राहत नसे. शेफील्डचाच सोनेरी केसांचा लाडका अल्बर्ट क्विक्सॉल १९५८ च्या सप्टेंबरात ४५,००० पौंडांना मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. म्युनिकच्या विमान अपघातात त्या क्लबने आपला संघ गमावला होता आणि त्याला माणसे हवी होती. वेन्सडेच्या चाहत्यांना त्याबद्दल सहानुभूती असेलही. पण पोकळी त्यांच्या संघात पडली.

म्हणून राखण्याची पद्धत हा दुबळ्यांचा आधार आहे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत असे. ती नसेल तर चार श्रीमंत क्लब सगळे गुणी खेळाडू पळवतील, हा युक्तिवाद क्लबांचे संचालक करत आणि चाहतेही करत. त्यात तथ्य होते. पण किंमत कोण मोजत होता? प्रेस्टनचा टॉम फिनी हा त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मो क्लबने त्याला सहीबद्दल दहा हजार पौंड देऊ केले. तेव्हा इंग्लंडमधले कमाल वेतन आठवड्याला १४ पौंड होते. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय तेथेच संपला. फिनी लीगमधली आपली सगळी कारकीर्द प्रेस्टनकडूनच खेळला. त्याच्या निष्ठेचे गोडवे आजही गायले जातात आणि गावावरचे त्याचे प्रेम खोटे नव्हते. परंतु ज्याला जाण्याची मुभाच नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

६

१९६० मध्ये न्यूकॅसल युनायटेडच्या जॉर्ज ईस्टहमने हाच प्रश्न विचारला. त्याचा करार संपला होता. त्याला जायचे होते. क्लबने त्याला राखून ठेवले. त्याने खेळणेच थांबवले आणि दक्षिणेत जाऊन काही महिने फुटबॉलबाहेरची नोकरी केली. अखेर नोव्हेंबरात न्यूकॅसलने त्याला आर्सेनलला ४७,५०० पौंडांना विकले. त्याचे काम झाले होते. पण संघटनेच्या पाठिंब्याने त्याने दावा पुढे चालवला. मध्यंतरी जानेवारी १९६१ मध्ये संपाच्या धमकीपुढे लीग नमली आणि कमाल वेतन रद्द झाले. ते तोवर २० पौंडांपर्यंत पोचले होते. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला : करार संपल्यावरही माणसाला राखून ठेवणे ही त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावरची अवाजवी बंधने आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे एक योगायोग आठवेल. डेव्हिड स्टोरीची 'धिस स्पोर्टिंग लाइफ' ही कादंबरी १९६० ची आणि तिच्यावरचा लिंडसे अँडरसनचा चित्रपट १९६३ चा. खेळ फुटबॉल नव्हे, रग्बी लीग. पण मुलूख तोच, यॉर्कशरचा. कादंबरीचा आरंभ नायकाचे दात मोडण्याने होतो, आणि क्लबच्या मालकांना त्या मोडलेल्या तोंडाची चिंता पडते ती गुंतवणुकीची चिंता असते. स्टोरी स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेत असताना लीड्सच्या रग्बी लीग क्लबकडून खेळत असे. विकत घेतलेल्या शरीरात राहणाऱ्या माणसाला प्रेम मागता येत नाही आणि देताही येत नाही, हे त्याने जे दाखवले ते निकालपत्रात येणे शक्य नव्हते. उलट, करार संपल्यावर माणूस मोकळा का असावा याचा नेमका विचार कादंबरी करत नाही. हा इतिहास समजून घ्यायला दोन्ही वाचावी लागतात.

निकालानंतर दुबळ्यांचे काय झाले? संचालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. फिनीच्या निवृत्तीनंतर वर्षभरात, १९६१ मध्ये, प्रेस्टन पहिल्या श्रेणीतून घसरला तो तेथे पुन्हा पोचलाच नाही. लँकेशरमधल्या गिरणीगावांचे क्लब हळूहळू मागे पडले. त्यामागे गिरण्यांचा ऱ्हास, दूरचित्रवाणी, मोटारी अशी इतर कारणेही होती. पण खेळाडूंची मोकळीक हे त्यांतले एक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. न्याय झाला की सर्वांचे भले होतेच असे नाही. मात्र ज्या समतोलासाठी एकाच बाजूने आयुष्य गहाण टाकायचे, तो समतोल टिकला नाही म्हणून हळहळताना ती बाजू विसरू नये, इतकेच.

७

डूलीची कथा येथे संपत नाही. १९७१ मध्ये त्याला वेन्सडेचा व्यवस्थापक नेमण्यात आले. आता कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे हे तो ठरवणार होता. १९६२ च्या एका सामन्यावर पैज लावल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या आणि आजन्म बंदी भोगणाऱ्या पीटर स्वानवरची बंदी १९७२ मध्ये उठली. तेव्हा पस्तिशी ओलांडलेल्या या बचावपटूला डूलीच्या संघाने पुन्हा सामावून घेतले. खेळाच्या हिशेबाने हा निर्णय फारसा फायद्याचा नसेल. ज्याचे खेळणे अकाली हिरावले गेले त्यानेच तो घ्यावा, यात मात्र नवल नाही.

क्लबची घसरण थांबली नाही. १९७३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी डूलीला काढून टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी तो शहरातल्या प्रतिस्पर्धी क्लबकडे, शेफील्ड युनायटेडकडे, व्यवस्थापकीय कामासाठी गेला आणि आयुष्याचा उरलेला मोठा भाग त्याने तेथेच घालवला. १९७५ मध्ये वेन्सडे इतिहासात प्रथमच तिसऱ्या श्रेणीत गेली. डूली २००८ मध्ये वारला. शहरातल्या एका हमरस्त्याला त्याचे नाव आहे. त्याचा पुतळा मात्र उभा आहे युनायटेडच्या मैदानाबाहेर.

१९९५ च्या बोसमन निकालाने उरलीसुरली बंधनेही सुटली. करार संपला की खेळाडू मोकळा, कोणी किंमत द्यायची नाही. आणि मग २०२५ चा उन्हाळा आला, ज्यात जुने चित्र पुरते उलटे झालेले दिसले. वेन्सडेच्या मालकाने खेळाडूंचे आणि नोकरांचे पगार थकवले. दोन महिन्यांचे वेतन थकले तर नोटीस देऊन करार मोडता येतो, असा आजचा नियम आहे. एकेक खेळाडू जाऊ लागला. जॉश विंडासने २०२३ मध्ये वेम्ब्लीवर जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी गोल करून क्लबला वर आणले होते. तोही करार संपवून गेला. ऑक्टोबरात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली आला आणि त्याचे बारा गुण कापले गेले.

या वेळी पाठीराखे काय म्हणाले, हे मला महत्त्वाचे वाटते. जाणाऱ्यांना शिव्या देणारे नव्हते असे नाही. पण एकूण राग वळला तो मालकाकडे. पगार न मिळालेला माणूस जाईल नाही तर काय करील, हे त्यांना पटले. त्यांनी तिकिटे घेणे थांबवले, मैदान रिकामे ठेवले. आणि मालकाच्या हातून क्लब सुटताच तेच लोक तिकीटखिडकीपुढे रांगा लावून उभे राहिले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्यांचे आजोबा राखलेल्यांची यादी संचालकांच्या डोळ्यांनी वाचत होते. नातवांनी ती कामगाराच्या डोळ्यांनी वाचली.

सगळे बदलले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पुढच्या हंगामात कोणाचा तरी गुडघा निकामी होईल आणि पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडेल, की याला कशाला पोसता? पाठीराखा हिशेब करणारच. दुबळ्या क्लबचा पाठीराखा तर जास्तच करणार. त्याने तो करू नये असे म्हणण्याचा अधिकार, ज्याला तळाच्या संघावर जीव लावण्याचा अनुभव नाही, त्याला नाही. मात्र 'ठेवणे' आणि 'सोडणे' ही क्रियापदे तोंडी येतील तेव्हा त्यांचे कर्म माणूस आहे, याची आठवण असावी. सोमवारी घरी जायच्या तयारीत असलेल्या तेवीस वर्षांच्या डूलीला आपल्या बोटांना कोणी हात लावला आहे, हे कळले नव्हते. त्या दिवशी क्लबच्या दफ्तरात त्याचे नाव राखलेल्या खेळाडूंतच होते.